वॉशिंग मशीन सुरू होता होता अडते तेव्हा

वॉशिंग मशीन कायमचे बंद पडले, तर दोष शोधणे त्यामानाने सोपे असते. खरा त्रास देते ते मशीन, जे चार वेळा निमूट चालते आणि पाचव्या वेळी कपडे, पावडर सगळे आत घालून बटण दाबल्यावर ढिम्म हलत नाही. मेकॅनिक येईपर्यंत ते पुन्हा सुरळीत चालू लागलेले असते, मेकॅनिक ‘आता तर चालतंय’ म्हणून निघून जातो आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच गत होते. आमच्या घरच्या फ्रंट लोड मशीनने जवळजवळ अडीच महिने हा खेळ केला. त्या काळात जे तपासावे लागले, जे उगाच तपासले गेले आणि दोष अखेर जिथे सापडला, त्यावरून हे टिपण लिहीत आहे.

‘सुरू होत नाही’ ही तक्रार आपण एका दमात सांगून टाकतो. मशीनच्या बाजूने मात्र सुरू होणे ही एक साखळी आहे. वीज पोहोचते, पॅनेल जागे होते, निवडलेला प्रोग्रॅम आणि सुरू करण्याचे बटण स्वीकारले जाते, दाराला कुलूप लागते, अनेक मशीन आत पाणी उरले असल्यास काही सेकंद पंप चालवून ते बाहेर टाकतात, मग पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो, पातळी मोजली जाते आणि त्यानंतर ड्रम पहिला वेढा घेतो. यातली प्रत्येक कडी तिच्या आधीच्या कडीवर अवलंबून असते. म्हणून कोणता भाग बिघडला हे विचारण्यापूर्वी मशीन कुठपर्यंत पोहोचून थांबले, हे ठरवावे. त्याचे उत्तर बहुधा कानानेच मिळते. खोलीतला पंखा आणि टीव्ही बंद करून बटण दाबावे आणि दीड-दोन मिनिटे मशीनजवळ नुसते उभे राहावे. दाराजवळचा ‘खट्’ आवाज, तळाशी पंपाची घरघर, मागच्या बाजूला व्हॉल्व्हची बारीक गुणगुण आणि पाण्याची सळसळ, हे आवाज क्रमाने यायला हवेत. जो आवाज आला नाही, त्याच्या आसपास शोध घ्यायचा.

पॅनेलवर एकही दिवा लागत नसेल, तर मशीनला हात लावण्यापूर्वी भिंतीकडे पाहावे. त्याच सॉकेटमध्ये इस्त्रीसारखे जास्त वीज घेणारे एखादे उपकरण लावून पाहावे. मोबाइलचा चार्जर चालला म्हणजे सॉकेट ठणठणीत आहे असे समजू नये, कारण चार्जर नाममात्र वीज घेतो. पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर साधारण २००० वॅटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टवर एकट्या हीटरलाच जवळपास ९ अँपिअर प्रवाह लागतो. सैल पडलेले सॉकेट एवढ्या भाराने तापते आणि तापून आणखी सैल होते. प्लग काढून त्याच्या पिना आणि सॉकेटची भोके चांगल्या उजेडात पाहावीत. भोकाच्या कडेला तपकिरी डाग, पिनेवर काळसर थर किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आढळला, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट बदलून घ्यावे आणि तोपर्यंत मशीन त्यावर चालवू नये. एक्स्टेंशन बोर्ड वापरात असेल, तर तो मधून काढून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला जोडावे. कितीतरी ‘बिघाड’ एवढ्यानेच नाहीसे होतात.

विजेच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बटण दाबल्यावर किंवा ड्रम फिरू लागताच पॅनेलचे दिवे क्षणभर विझत असतील आणि मशीन नुकतेच चालू केल्यासारखे पुन्हा पहिल्या स्थितीत येत असेल, तर बोर्डावर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर, संशय घेण्याआधी येणाऱ्या विजेवर घ्यावा. भार पडताच व्होल्टेज कोसळते आणि मशीनचा मेंदू नव्याने सुरू होतो, असा त्याचा अर्थ असतो. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच, खाली पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करून नशीब आजमावू नये. तो पडतो आहे म्हणजे त्याचे काम करतो आहे.

पॅनेल जागे आहे, पण बटणांना दाद देत नाही, अशी स्थिती असेल तर आधी चाइल्ड लॉक पाहावे. कुलपाचे किंवा हसऱ्या बाळाचे चिन्ह दिसत असेल, तर माहितीपुस्तिकेत सांगितलेली बटणे, बहुतेक मशीनमध्ये ३ ते ५ सेकंद, दाबून धरल्यावर ते निघते. उशिरा सुरू होण्याची सोय चुकून निवडली गेली असेल, तर पॅनेलवर तासांचा आकडा दिसतो आणि मशीन आपल्या हुकमाची वाट पाहत नसून घड्याळाची पाहत असते. पॅनेल ओल्या हाताने पुसताना ही दोन्ही बटणे सहज दाबली जातात. प्रोग्रॅमची गोल खुंटी दोन खुणांच्या मध्येच राहिली असेल, तर काही मशीन बटण स्वीकारतच नाहीत; ती पूर्ण बंद स्थितीत नेऊन पुन्हा फिरवावी. याहून अधिक या टप्प्यावर पाहण्यासारखे नसते.

यापुढचा टप्पा दाराचा, आणि मधूनच अडणाऱ्या मशीनच्या बाबतीत मी सर्वात जास्त वेळ इथेच घालवावा असे म्हणेन. फ्रंट लोड मशीनचे दार बंद होणे आणि त्याला कुलूप लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार लोटल्यावर त्याचा हूक कुलपाच्या खाचेत शिरतो आणि पहिला ‘खट्’ आवाज येतो. हा नुसता स्प्रिंगचा आवाज असतो. बटण दाबल्यावर बोर्ड कुलपाला वीज देतो आणि तेव्हा खरे कुलूप लागते. अनेक मशीनच्या कुलपात विजेने तापणारी एक लहान चकती आणि तिला टेकलेली दोन धातूंची पट्टी असते. चकती तापली की पट्टी वाकते, एक खिळी सरकवून हूक अडकवते आणि त्याच वेळी आतला संपर्क जुळवून ‘दार बंद आहे’ हा निरोप बोर्डाला पोहोचवते. या सगळ्याला काही सेकंद लागतात. धुणे संपल्यावर दार लगेच उघडत नाही, मिनिट-दोन मिनिटे थांबावे लागते, त्याचेही कारण हेच: पट्टी थंड होऊन सरळ व्हायला वेळ घेते. काही मशीनमध्ये याऐवजी विद्युतचुंबकावर चालणारे कुलूप असते. ते बटण दाबताच लागते.

हा निरोप पोहोचला नाही, तर मशीन पाणी घेत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण दार उघडे असताना पाणी सोडणारे मशीन कोणालाच नको असेल. निरोप न पोहोचण्याची कारणे मात्र अनेक असतात आणि त्यांतली निम्मी विजेची नसतातच. दाराच्या तोंडाशी असलेले रबरी गॅस्केट आणि दार यांच्या मध्ये मोज्याचे टोक किंवा पायजम्याची नाडी अडकलेली असते. ड्रम इतका ठासून भरलेला असतो की कपडेच दाराला आतून बाहेर रेटतात. कुलपाच्या खाचेत पावडरीचा घट्ट थर किंवा कपड्यांचे बारीक तंतू साचलेले असतात. खाच तपासताना प्लग काढून, टॉर्चच्या उजेडात, कोरड्या मऊ ब्रशने साफ करावी. तिथे तेल किंवा पाण्याचा फवारा मारू नये, कारण त्या खाचेच्या मागेच विजेचे संपर्क असतात.

आमच्या मशीनची गोष्ट इथेच अडली होती. पहिल्या मेकॅनिकने कुलूप बदलले, आठवडाभर बरे चालले आणि पुन्हा तेच सुरू झाले, तेव्हा त्याने मुख्य बोर्ड बदलण्याचा सल्ला दिला. मधूनच येणारा दोष एखादा भाग बदलल्यावर आठवडाभर आला नाही, एवढ्यावरून तो भागच दोषी होता असे ठरत नाही, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नव्हते. बोर्डाचा निर्णय घेण्याआधी मी मशीनच्या बाजूला एक कागद चिकटवला आणि प्रत्येक वेळी वेळ, कपडे किती, कोणता प्रोग्रॅम, मशीन लावले कोणी आणि ते चालले की अडले, असे पाच रकाने भरायला सुरुवात केली. ‘लावले कोणी’ हा रकाना खरे तर जागा उरली म्हणून घातला होता. अकरा दिवसांनी पाहिले, तर मशीन पाच वेळा अडले होते आणि पाचही वेळा ते मी लावले होते. मुलाने लावलेले मशीन एकदाही अडले नव्हते.

त्याला मशीन लावायला सांगून मी बाजूला उभा राहिलो. कपडे कोंबल्यावर त्याने दार हाताने लावलेच नाही. दाराच्या खालच्या कडेला गुडघा टेकवून ते वर उचलल्यासारखे ढकलले. मी दार नेहमी मधोमध तळहाताने, हळुवार लावत असे. मग दार उघडून कुलपाच्या खाचेत टॉर्च मारला, तेव्हा खाचेच्या खालच्या ओठावर नखाएवढा घासल्याचा पांढरट ओरखडा आणि त्याच्या खाली प्लास्टिकचा बारीक भुसा दिसला. हूक खाचेत सरळ शिरत नव्हता, खालच्या कडेवर चढून आत जात होता. पहिला ‘खट्’ आवाज येई, पण हूक पूर्ण खोल न गेल्यामुळे खिळी त्याच्यात बसत नसे. दार अर्धे उघडून त्याची मोकळी बाजू हलकेच वर-खाली हलवली, तर बिजागरीत चांगलाच खेळ होता. उघड्या दारावर ओल्या चादरींचा पिळा टेकवून ठेवायची सवय आमच्याच घरातली.

ही चाचणी कोणालाही करता येते. मशीन अडले की दार उघडावे, मोकळी कडा दोन बोटांनी किंचित वर उचलून धरून बंद करावे आणि पुन्हा बटण दाबावे. दोन-चार वेळा असे केल्याने मशीन हमखास सुरू होत असेल, तर बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत, तिच्यातले बुश (खीळ ज्यात फिरते ते लहान नळकांडे) झिजले आहे किंवा हूक वाकला आहे, असे समजावे. उचलूनही फरक पडत नसेल आणि बटण दाबल्यावर दुसरा ‘खट्’ येतच नसेल, तर कुलूप स्वतः किंवा त्याची वायर बिघडली असण्याचा संभव वाढतो. दुसरा ‘खट्’ स्पष्ट येतो आणि तरीही पॅनेलवरची दाराची खूण लुकलुकत राहते, तेव्हा कुलपातला संपर्क जळालेला असू शकतो.

टॉप लोड मशीनमध्ये झाकणाचा प्रकार थोडा वेगळा आहे. कित्येक मशीन झाकण उघडे असतानाही पाणी भरतात आणि फक्त पिळण्याच्या वेळी झाकण बंद असण्याचा आग्रह धरतात. काही मात्र आधी झाकणाला कुलूप लावल्याशिवाय काहीच करत नाहीत. झाकणाखाली प्लास्टिकची जीभ असेल, तर ती मोडली आहे का पाहावे. जीभ नसेल, तर बहुधा झाकणात लहान चुंबक बसवलेला असतो आणि तो निखळला की झाकण डोळ्यांना बंद दिसते, मशीनला उघडे वाटते. झाकणाचा स्विच तार जोडून कायमचा ‘बंद’ करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. पिळताना ड्रम मिनिटाला कित्येक शे फेरे घेतो आणि त्यात हात जाऊ नये एवढ्याचसाठी तो स्विच असतो.

दाराला कुलूप लागले, आवाज नीट आला, तरीही पुढे काही घडत नसेल, तर तळाशी पंप चालू आहे का ते ऐकावे. मागच्या धुण्याचे पाणी आत राहिले असेल आणि पंपाची गाळणी नाण्यांनी, बटणांनी, केसांच्या गुंत्याने तुंबली असेल, तर मशीन पाणी बाहेर टाकण्यातच अडकून पडते. पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात असलेली ही गाळणी उघडताना आधी ताटलीसारखे पसरट भांडे आणि जुने फडके जवळ ठेवावे, आतले पाणी गरम नाही याची खात्री करावी आणि ती एकदम न फिरवता सावकाश सैल करावी. काही मशीनच्या तळाशी गळलेले पाणी ओळखणारा तरंगता स्विच असतो. तळात पाणी साचले की असे मशीन धुणे सोडून नुसता पंपच चालवत राहते. पंप थांबण्याचे नाव घेत नसेल आणि गाळणी स्वच्छ असेल, तर मशीनखाली ओल आहे का ते पाहावे.

व्हॉल्व्हची गुणगुण ऐकू येते, पाण्याची सळसळ येत नाही, या स्थितीत व्हॉल्व्ह उघडण्याचा प्रयत्न करतो आहे, पण पाणी पोहोचत नाही. नळ पूर्ण उघडा आहे का, मशीन मागे सरकवताना पाइपला घडी पडली आहे का, हे पाहून झाल्यावर नळ बंद करून पाइपचे मशीनकडचे टोक उघडावे. व्हॉल्व्हच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. टाकीतला गाळ आणि पाण्यातला क्षार तिथे साचून तिच्यावर पिवळट कवच धरते. ती पक्कडीने अलगद ओढून जुन्या टूथब्रशने घासावी. कवच जुने असेल, तर व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवावी.

जाळी स्वच्छ असूनही ठरावीक वेळीच मशीन अडत असेल, तर पाण्याच्या दाबाचा विचार करावा. अनेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत ०.३ ते ०.५ बार एवढा किमान दाब मागितलेला असतो. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या तोंडापेक्षा निदान ३ मीटर वर हवी. सर्वात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या डोक्यावर टाकी असते, पण उंची पुरत नाही. टाकी भरलेली असताना कसेबसे चालणारे मशीन ती अर्धी झाल्यावर हटून बसते. त्यातच हे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी स्वतः पाण्याच्याच दाबाची मदत घेतात, त्यामुळे दाब कमी पडला की पाणी सावकाश येण्याऐवजी कधी कधी येतच नाही. पाइपचे टोक बादलीत सोडून सकाळी, दुपारी आणि रात्री बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजले, की हा मुद्दा निकालात निघतो.

दाब पुरेसा आहे आणि गुणगुणही नाही, तर व्हॉल्व्हची कॉइल, म्हणजे त्याला उघडणारे तारेचे वेटोळे, तपासावी लागते. मल्टिमीटर वापरण्याची सवय असेल तर, प्लग काढून आणि कॉइलच्या वायरी सोडवून, रोध मोजता येतो. २२० ते २४० व्होल्टच्या मशीनमध्ये तो साधारण ३ ते ५ किलो-ओहम असतो आणि मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल आत तुटलेली आहे. याउलट, व्हॉल्व्ह चांगला असूनही मशीन पाणी मागतच नसेल, तर पातळी मोजणाऱ्या बारीक नळीकडे वळावे. ड्रमच्या तळाशी जोडलेल्या या नळीत पाणी चढताना हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीन पातळी ओळखते. नळीच्या तोंडाशी साबणाचा चिकट गाळ बसला, तर दाबलेली हवा आतच कोंडून राहते आणि रिकाम्या मशीनला आपण भरलेले आहोत असे वाटते.

पाणी भरले आणि मग सारे शांत झाले, तर दोष मोटारीच्या बाजूला असतो. कार्बन ब्रशच्या मोटारीत फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा, झिजून आखूड झालेला ब्रश कधी टेकतो, कधी टेकत नाही. प्लग काढून ड्रम हाताने थोडा फिरवल्यावर मशीन पुन्हा चालू लागते, ही त्याची ओळख. सेमी-ऑटोमॅटिक मशीनची मोटार घुं आवाज करते आणि फिरत नाही, तेव्हा तिला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर बहुधा कमजोर झालेला असतो. मोटार फिरते, पण ड्रम जागचा हलत नाही, तेव्हा पट्टा निसटलेला असतो.

मशीन दहा मिनिटे प्लग काढून ठेवले की ठीक होते, असा अनुभव अनेकांना येतो. गोंधळलेला बोर्ड त्याने भानावर येतो हे खरे. पण तोच उपाय दर आठवड्याला करावा लागत असेल, तर त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. बोर्डावरची निखळत चाललेली सोल्डर, दमट हवेने गंजलेले जोड, तळातून शिरलेल्या उंदराने कुरतडलेली वायर, ही कारणे असतात आणि ती पाहण्यासाठी मशीन उघडावे लागते. ते काम जाणकाराकडेच सोपवावे. प्लग काढल्यावरही इन्व्हर्टर मोटारीच्या बोर्डावरील कपॅसिटरमध्ये काही मिनिटे ३०० व्होल्टहून अधिक विद्युतदाब टिकून राहू शकतो. पॅनेलवर दिसणारा दोषाचा संकेत मात्र आपण जरूर लिहून घ्यावा आणि त्याचा अर्थ आपल्याच मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावा, कारण एकाच अक्षराचा अर्थ दोन कंपन्यांत वेगळा असतो.

मेकॅनिक येतो तेव्हा मशीन शहाण्यासारखे वागते, यावर उपाय म्हणजे ते अडते त्या क्षणी मोबाइलवर आवाजासह चित्रफीत घेणे: आधी पॅनेल, मग दार, मग दोन मिनिटे कॅमेरा स्थिर. आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या मेकॅनिकला मी कागदावरचे रकाने दाखवले, त्याच्यासमोर एकदा दार साधे लावले आणि एकदा उचलून लावले. त्याने पॅनेलला स्क्रू-ड्रायव्हर लावलाच नाही; खाली बसून दार दोनदा हलवले, बिजागरी काढली आणि तिच्यातले अंडाकृती झालेले बुश माझ्या तळहातावर ठेवले.